नोंद म्हणजे सत्कार नव्हे

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

आपल्या दैनिकाच्या वाचकपत्रांत गेल्या पंधरवड्यात एकाच विषयावर तीन पत्रे आली. आपल्या सीमाभागातील एका मुलीने दूरचित्रवाणीवरील गायनस्पर्धेत बरीच मजल मारली, तिच्या चाहत्यांनी इंग्रजी विकिपीडियावर तिच्या नावाचे पान तयार केले आणि काही दिवसांच्या चर्चेनंतर ते काढून टाकण्यात आले, ही हकिगत आता बहुतेकांना ठाऊक आहे. तिन्ही पत्रलेखकांनी याला सीमाभागावरचा अन्याय म्हटले आहे, आणि त्यांपैकी एकांनी तर गावोगावच्या मंडळांनी निषेधाचे ठराव करावेत असे सुचवले आहे. मुलगी अजून अठरा वर्षांची झालेली नसल्यामुळे तिचे किंवा तिच्या गावाचे नाव मी येथे लिहीत नाही. तिचे गाणे मी आवडीने ऐकले आहे आणि घरातल्या दोन सिमकार्डांवरून तिला मतेही दिली आहेत, हेही कबूल करतो. तरीसुद्धा ते पान काढले गेले ते योग्यच झाले असे माझे मत आहे, आणि ते थोडे सविस्तर मांडावे म्हणून हे पत्र.

सीमाभागातील एका तालुक्याच्या गावी मी एकतीस वर्षे ग्रंथपाल होतो. ‘कोशात अमक्याचे नाव का नाही’ असे विचारणारे वाचक तेव्हाही येत असत, फक्त कोश वेगळे होते. डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकरांच्या महाराष्ट्रीय ज्ञानकोशाचे २३ खंड, सिद्धेश्वरशास्त्री चित्रावांचे चरित्रकोश आणि वाईहून निघालेल्या मराठी विश्वकोशाचे खंड आमच्याकडे एकाच भिंतीच्या कपाटांत होते, आणि आपल्या आजोबांचे नाव शोधायला येऊन ते न सापडल्याने खट्टू होऊन गेलेली माणसे मी पाहिली आहेत. त्या कोशांच्या संपादकांना निदान कागदाचे कारण सांगता येत असे. जागा नाही म्हटले की वाद मिटे. विकिपीडियाला ती सोय नाही. २००१ साली इंग्रजीत आणि १ मे २००३ रोजी मराठीत सुरू झालेल्या या कोशाचे एक पान वाढवायला ना कागद लागतो, ना शाई. तेव्हा जागा अमर्याद असताना एका मुलीच्या पानाने कोणाचे काय अडले होते, हा आपल्या एका पत्रलेखकांचा प्रश्न रास्त आहे आणि त्याला उत्तर दिले पाहिजे.

माझ्या समजुतीप्रमाणे अडचण जागेची नाही, राखणीची आहे. छापील कोशातील नोंदीला छपाईनंतर कोणी हात लावू शकत नाही, तर विकिपीडियावरील नोंद रात्री-अपरात्री कोणीही उघडून बदलू शकतो, आणि तिच्यावर डोळा ठेवायला पगारी माणसे नसून फावल्या वेळात काम करणारे मोजके स्वयंसेवक असतात. लिहिणारा कोण हे ठाऊक नसताना लिहिलेले खरे की खोटे हे ठरवायचे असेल, तर ते इतरत्र कोठे छापून आले आहे काय हे पाहण्यावाचून गत्यंतर नसते. म्हणून या कोशाने एक चाळणी लावली आहे: ज्या व्यक्तीवर पान करायचे, तिच्याविषयी तिच्याशी लागेबांधे नसलेल्या विश्वासार्ह माध्यमांनी पुरेशा विस्ताराने लिहिलेले असले पाहिजे. मराठी विकिपीडियावर याला उल्लेखनीयता म्हणतात. हा शब्द थोडा फसवा आहे, कारण त्यावरून माणसाची लायकी मोजली जाते असा समज होतो. प्रत्यक्षात मोजले जाते ते त्याच्यावर झालेले लिखाण. अतिशय सुरेल गाणारा, पण ज्याच्यावर कोणी चार ओळी लिहिल्या नाहीत असा गायक या चाळणीतून खाली पडतो, आणि ज्याच्या बेसूर गाण्यावर चार जाणकारांनी सविस्तर टीका केली असा गायक तीत टिकू शकतो. हे विचित्र वाटेल, पण कोशाचे काम दाद देण्याचे नाही, इतरांनी दिलेली दाद आणि केलेली टीका नोंदवण्याचे आहे.

वाचनालयाच्या सवयीने मी त्या मुलीच्या बातम्यांची कात्रणे ठेवली होती. वाद निघाल्यावर ती फाइल घेऊन बसलो. एकूण अडतीस कात्रणे निघाली. त्यांपैकी अकरा म्हणजे वाहिनीने पाठवलेल्या प्रसिद्धिपत्रकाच्या निरनिराळ्या वृत्तपत्रांत उमटलेल्या नकला होत्या, मथळा तेवढा बदललेला. एका ठिकाणी तर ‘या रविवारी पाहायला विसरू नका’ हे वाक्यसुद्धा तसेच राहून गेले होते. सतरा बातम्या सत्काराच्या होत्या. या बातम्यांत मंडळाचे अध्यक्ष कोण, उपाध्यक्ष कोण, शाल व श्रीफळ कोणाच्या हस्ते दिले, सूत्रसंचालन कोणी केले आणि आभार कोणी मानले हे सर्व काही होते, मात्र जिचा सत्कार झाला ती काय गायली हे एकाही बातमीत नव्हते. सहा कात्रणांत मतदानाचे आवाहन होते आणि तीन अभिनंदनाच्या जाहिराती होत्या. राहिलेले एक कात्रण मात्र खरे होते. एका तरुण वार्ताहराने तिच्या घरी जाऊन, सोप्यात बसून, तिच्या आजोबांना विचारून लिहिलेला तो लेख होता: भजनी मंडळाच्या पेटीवर ती पहिले स्वर कशी शिकली, आजोबा अभंगाची चाल कोणत्या पट्टीत धरतात आणि तिच्या आवाजाला ती पट्टी का झेपत नाही, हे सारे त्यात होते. अडतीसांतील या एका लेखाच्या आधारे कोशात एक चांगला परिच्छेद लिहिता आला असता, पण तेवढ्यावर पान उभे राहत नाही.

आता त्या चर्चेविषयी. इंग्रजी विकिपीडियावर एखादे पान ठेवावे की काढावे यावरची चर्चा साधारणपणे सात दिवस खुली असते आणि तीत कोणालाही भाग घेता येतो. आपल्याकडे ही बातमी पोहोचताच फोनवर संदेश फिरला की आपल्या लेकीचे पान वाचवायचे असेल तर या दुव्यावर जाऊन ‘राहू द्या’ असे लिहा आणि दहा जणांना पाठवा. एका रात्रीत साठ-सत्तर नवी खाती उघडली गेली आणि प्रत्येकाने जवळपास तेच वाक्य लिहिले. स्पर्धेने आपल्याला जी सवय लावली तीच आपण तेथे घेऊन गेलो, असे मला वाटते. स्पर्धेत ज्याला मते अधिक तो पुढे जातो, आणि एकाच माणसाने वीस मते दिली तरी वाहिनीला त्याचे वावडे नसते. विकिपीडियावरील चर्चेत मतमोजणी होत नाही. चर्चा मिटवणारा प्रचालक, म्हणजे पान काढण्याचा अधिकार असलेला सदस्य, कोणता मुद्दा नियमाला व पुराव्याला धरून आहे हे पाहतो, आणि केवळ त्या एका चर्चेसाठी उघडलेल्या खात्यांकडे उलट संशयाने पाहिले जाते. शोकांतिका अशी की, त्या साठ-सत्तर जणांपैकी एकानेही त्या तरुण वार्ताहराच्या लेखाचा दुवा दिला नाही. स्रोत इंग्रजीतच हवेत असा तेथे नियम नाही, मराठी आणि कन्नड वृत्तपत्रेही चालतात. म्हणजे ‘इंग्रजीवाल्यांना मराठी दिसत नाही’ ही आपली तक्रार करण्यापूर्वी ते मराठी त्यांच्यासमोर ठेवायला हवे होते.

ठेवले असते तरी निकाल बदलला असता असे मी म्हणत नाही. संगीतस्पर्धांतून पुढे आलेल्या गायकांविषयी इंग्रजी विकिपीडियाचे धोरण बऱ्यापैकी स्पष्ट आहे. मोठ्या स्पर्धेत जिंकणे किंवा वरचे स्थान मिळवणे ही जमेची बाजू धरली जाते. परंतु ज्याची ओळख केवळ एका कार्यक्रमातील सहभागापुरती आहे, त्याचे नाव त्या कार्यक्रमाच्या पानाकडे वळवता येते. मराठी विकिपीडियावर याला पुनर्निर्देशन म्हणतात. कोणी ते नाव शोधले तर कार्यक्रमाचे पान उघडते आणि स्पर्धकांच्या यादीत ते नाव दिसते. यात नाव पुसले जात नाही, जेथे ते खरोखर घडले तेथेच ते राहते.

या धोरणात शहाणपण आहे, हे थोडे मागे वळून पाहिले तर पटेल. २००५ साली ‘फेम गुरुकुल’ नावाचा एक हिंदी कार्यक्रम झाला. त्याचे विजेते काझी तौकीर आणि रूपरेखा बॅनर्जी होते. त्या पर्वात अरिजित सिंह नावाचा एक मुलगा होता आणि तो विजेता ठरला नव्हता. आज त्या कार्यक्रमाचे नाव कोणाला आठवलेच तर ते बहुधा अरिजितमुळे आठवते. २००५ साली कोशाने विजेत्यांना पाने दिली असती आणि अरिजितला यादीत ठेवले असते तर त्या वेळच्या पुराव्याप्रमाणे ते बरोबरच ठरले असते, आणि पुढे त्याचे पान झाले तेही बरोबरच आहे. आपल्या मराठीत २००८-०९ च्या ‘लिटल चॅम्प्स’ पर्वात कार्तिकी गायकवाड विजेती ठरली, पण आर्या आंबेकर, प्रथमेश लघाटे, मुग्धा वैशंपायन आणि रोहित राऊत ही नावेही लोक विसरले नाहीत, कारण ती मुले पुढेही गात राहिली आणि त्यांच्याविषयी लिहिले जात राहिले. त्याच पर्वात पहिल्या फेऱ्यांत गळालेल्या मुलांपैकी कितींची नावे आपल्या वाचकांना सांगता येतील? सीमाभागातल्या घरांत आजी मराठी वाहिनी लावते आणि नातू कन्नड, म्हणून एक उदाहरण तिकडचेही देतो. हावेरी जिल्ह्यातील हनुमंत लमाणी झी कन्नडवरील ‘सरिगमप’मधून लोकांना माहीत झाला आणि २०२५ मध्ये कन्नड ‘बिग बॉस’चा विजेता ठरला. गायनस्पर्धेपुरता तो अनेकांतला एक होता. पुढचे त्याने पुढे मिळवले.

सर्वांत बोलके उदाहरण मात्र आपल्या बेळगावच्या वेशीवरच आहे. ८ एप्रिल १९२४ रोजी सुळेभावी येथे जन्मलेला शिवपुत्र सिद्धरामय्या कोमकळीमठ हा मुलगा नऊ-दहा वर्षांच्या वयात मोठमोठ्या गवयांच्या तबकड्या हुबेहूब गाऊन दाखवीत असे आणि त्यासाठी लोक गर्दी करीत. ‘कुमार गंधर्व’ ही पदवी त्या वयातली आहे. तेव्हा विकिपीडिया असता आणि चाहत्यांनी त्याचे पान केले असते, तर त्यात काय लिहिले गेले असते? थोर गायकांची तंतोतंत नक्कल करणारा बालगायक, एवढेच. आणि त्या वेळेपुरते ते खरेही होते. त्यानंतर मुंबईला प्रा. बा. र. देवधरांकडे शिक्षण झाले, क्षयरोगाने गाठले, १९४८ मध्ये देवासला जाणे झाले, गाणे बंद पडण्याची काही वर्षे गेली, आणि त्या आजारपणातून जो गायक उठला त्याने नक्कल तर सोडलीच, पण घराण्याच्या चाकोरीचेही ओझे बाळगले नाही. ज्या कुमार गंधर्वांची कोशांत नोंद आहे ते हे होत. आजच्या स्पर्धांत परीक्षक मुलांना ‘अगदी मूळ गाण्यासारखे वाटले’ अशी दाद देतात, तेव्हा मला सुळेभावीचा तो मुलगा आठवतो. दुसऱ्याचे गाणे दीड-दोन मिनिटांत बिनचूक उभे करणे ही लहान गोष्ट नाही, मला ती या जन्मी जमणार नाही. पण ती गळ्याच्या तयारीची खूण झाली; तिच्यावरून गायकाचे चरित्र लिहायला बसणे हे पेरणीच्या दिवशी सुगीचा हिशेब मांडण्यासारखे आहे.

याखेरीज एक गोष्ट आपल्या पत्रलेखकांपैकी कोणीच मनात आणलेली दिसली नाही, आणि मला तीच सर्वांत महत्त्वाची वाटते. ते पान काढले जाण्यापूर्वी मी त्याचा इतिहास पाहिला होता. प्रत्येक पानाचा असा इतिहास कोणालाही पाहता येतो आणि कोणी केव्हा काय बदलले हे त्यात दिसते. चाहत्यांनी प्रेमापोटी मुलीची पूर्ण जन्मतारीख, शाळेचे नाव, गाव, गल्ली आणि वडिलांचा व्यवसाय असे सर्व काही त्यात लिहून ठेवले होते. ती स्पर्धेतून बाहेर पडली त्या रात्री कोणीतरी तिच्या रडण्याविषयी कुचेष्टेचे वाक्य घातले. त्यानंतर खरा खेळ सुरू झाला. एकाने तिला ‘महाराष्ट्राची गायिका’ केले, दुसऱ्याने ‘कर्नाटकाची गायिका’, एकाने बेळगाव लिहिले, दुसऱ्याने ते खोडून बेळगावी केले, आणि पहाटेपर्यंत हे वीस-बावीस वेळा उलटसुलट झाले. बदलाचे कारण लिहिण्यासाठी तेथे जी लहानशी जागा असते, तीत दोन्ही भाषांतल्या शिव्या होत्या. १९५६ पासून सीमाप्रश्नाची झळ सोसत आलेल्या पिढीतला मी आहे, आणि २००४ मध्ये महाराष्ट्राने सर्वोच्च न्यायालयात दाखल केलेल्या दाव्याचा निकाल पाहायला मिळावा अशी माझीही इच्छा आहे. पण तो दावा एका शाळकरी मुलीच्या नावाच्या पानावर चालवण्याचे आपल्याला काहीच कारण नव्हते. हयात व्यक्तींविषयी, विशेषतः ज्यांची प्रसिद्धी एकाच घटनेपुरती आहे त्यांच्याविषयी हा कोश अधिक कडक राहतो, तो अशाच अनुभवांमुळे. दहा वर्षांनी ती मुलगी नोकरीच्या मुलाखतीला गेली तर समोरच्याने तिचे नाव टंकताच तो रडण्याचा प्रसंग वर यावा, असे तिच्या कोणत्या चाहत्याला आवडेल?

असे असले तरी पत्रलेखकांच्या रागात एक सत्य आहे आणि ते झाकून ठेवणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. ही चाळणी छापील शब्दावर विसंबते, आणि छापील शब्द सर्वांच्या वाट्याला सारखा येत नाही. मुंबई-पुण्याच्या स्पर्धकाच्या घरी इंग्रजी वृत्तपत्राचा प्रतिनिधी रिक्षाने पोहोचतो. खानापूरच्या जंगलपट्ट्यातील किंवा निपाणीकडच्या गावात तो येत नाही. महाराष्ट्रातील माध्यमांना आपण कर्नाटकातले वाटतो आणि बेंगळूरच्या माध्यमांना मराठी. सोंगी भजन, भारूड आणि जात्यावरच्या ओव्या यांत आयुष्य घालवलेल्या माणसांची गोष्ट तर याहून बिकट आहे. चाळीस वर्षे गावाला भजन शिकवलेले बुवा जातात तेव्हा त्यांच्याविषयी निधनवार्तेच्या चार ओळी येतात, आणि त्यांतल्या दोन ओळी ‘पश्चात दोन मुलगे, तीन मुली, सुना, जावई, नातवंडे असा परिवार आहे’ यात जातात. त्यांची नोंद कोणत्याही कोशात व्हायची नाही, आणि त्यासाठी कोणी निषेधाचा ठरावही करणार नाही. जे छापून आले तेही हाती राहत नाही. आपल्याकडची बरीच वृत्तपत्रे संगणकावर पानाचे चित्र म्हणून टाकली जातात, ज्यातला मजकूर शोधता येत नाही, आणि वर्षभराने जुना दुवा उघडावा तर तो मेलेला असतो. मग पुरावा नाही म्हणून पान काढणाऱ्या परक्या स्वयंसेवकाला दोष कसा द्यायचा?

म्हणून माझी विनंती कोशाला नाही, आपल्याला आहे. पुढच्या वेळी सीमाभागातील एखादे मूल अशा स्पर्धेत चमकले तर सत्काराच्या बातम्या दोन ओळींत आटोपाव्यात आणि गाणे कळणाऱ्या एका माणसाला त्या मुलाकडे पाठवावे. ते कोणाकडे शिकले, कोणते राग त्याच्या गळ्यावर चढले आहेत, स्पर्धेत त्याने काय गायले आणि त्यात काय कमी पडले हे त्याने लिहावे. कौतुकाइतकीच टीकाही असावी, कारण दोन्ही असलेल्या लेखालाच बाहेरचा वाचक विश्वासार्ह मानतो. असा लेख तारखेसह, मजकूर शोधता येईल अशा रूपात आपल्या संकेतस्थळावर कायम ठेवावा. कडोली, येळ्ळूर, उचगाव आणि सांबरा येथील साहित्य संमेलनांच्या अध्यक्षीय भाषणांना आपण अर्धे पान देता ते योग्यच आहे; त्याच आस्थेने वर्षातून चार-सहा लेख भजनी मंडळांच्या जुन्या बुवांवर आले तर त्यांच्यासाठी ती पहिली लेखी नोंद ठरेल. चाहत्यांनाही करण्यासारखे पुष्कळ आहे. मराठी विकिपीडियावर प्रत्येक सदस्याला धूळपाटी, म्हणजे सरावाचे पान, करता येते, तेथे हात बसवावा आणि कार्यक्रमाच्या पानावर आपल्या स्पर्धकांची नावे बिनचूक आहेत का ते पाहावे. मी पाहिले तेव्हा आपल्या मुलीचे आडनाव तेथे चुकीचे लिहिलेले होते, आणि साठ-सत्तर खात्यांपैकी एकालाही ते दुरुस्त करावेसे वाटले नव्हते. ते मी केले.

त्या मुलीचे वडील मला परवा बसमध्ये भेटले. ती आता दर शनिवारी धारवाडला एका गुरूंकडे शिकायला जाते. पान गेल्याचे तिला काय वाटले असे मी विचारले, तेव्हा ते म्हणाले की परीक्षा चालू होती, तिने ते पान पाहिलेच नव्हते.

माझ्याकडची अडतीस कात्रणांची फाइल आपल्या वार्ताहरास अभ्यासासाठी हवी असल्यास त्यांनी ती माझ्या घरून अवश्य न्यावी. नेल्याची नोंद मी वहीत करून घेईन, आणि पंधरा दिवसांत ती परत मिळावी.

आपला विश्वासू,
एक निवृत्त ग्रंथपाल,
शहापूर, बेळगाव